केळीच्या झाडाची नोट

सत्यभामाबाई गेल्या तेव्हा तेरा दिवसांत अख्खं खटकचिंचोळी गुंडेरावांच्या दारात येऊन गेलं. आला नाही तो फक्त मल्लप्पा. त्याची बायको सिद्धव्वा पहिल्या दिवशी येऊन मागच्या दारानं रडून गेली म्हणे, पण मल्लप्पा उंबरा चढला नाही. गुंडेरावांना त्याचं काही वाटलं नाही. चोरानं सुतकाला यावं तरी कशाला, असं ते स्वतःशी म्हणाले.

तो आला दोन महिन्यांनी. भाद्रपदातली दुपार होती. गुंडेराव ओसरीवर एकटेच ज्वारीची भाकरी पाण्यात कुस्करून खात बसले होते. स्वतः थापलेली भाकरी, कडेला जळलेली, मधे कच्ची. अंगणात सावली पडली म्हणून त्यांनी वर बघितलं. मल्लप्पा उभा होता. त्याच्या डोक्यावर कागदाच्या लगद्याचं टोपलं होतं.

"जेव तू. मी थांबतो," मल्लप्पा म्हणाला.

दीड वर्षात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. त्याआधी चाळीस वर्षं दोघांचा दिवस एकमेकांना भेटल्याशिवाय मावळत नव्हता. मल्लप्पा लिंगायत, गुळाचा व्यापारी. गुंडेराव मराठे, घरची थोडी शेती, आणि उमर सगळी गेली निजाम सरकारच्या करोडगिरी नाक्यावर. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या, बैलगाड्या, मोटारी थांबवायच्या, माल बघायचा, जकात घ्यायची, पावती फाडायची. तिथंच त्यांना नोटांचा नाद लागला.

लढाई सुरू झाली तशी चांदी दिसेनाशी झाली आणि कागद वाढला. इकडं निजामाचा हाली शिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार. नाक्यावर दोन्ही यायचे. गुंडेरावांनी एक एक नग बाजूला ठेवायला सुरुवात केली. राजाचं तोंड असलेली एक रुपयाची नोट. निजाम सरकारची लढाईतली पातळ कागदाची एक रुपयाची. मग बर्माहून पायी परत आलेल्या माणसांकडून तिकडच्या नोटा. त्यांवर फक्त बर्मात चालेल असं छापलेलं होतं. नाक्यावरच्या एका जुन्या खातेवहीच्या पानांना चिरा पाडून त्या चिरांत ते नोटांचे कोपरे अडकवून ठेवत. खळ नाही, डिंक नाही. खळ लावली की कसर लागते, हे त्यांना कळलं होतं. लोक हसायचे. पैसे खर्च करायला असतात, हा माणूस वहीत पुरून ठेवतोय, म्हणायचे. गुंडेरावांना फरक पडत नव्हता. पोरबाळ नव्हतं. वही होती.

लढाई संपली त्या हिवाळ्यात संतपूरचा एक शिपाई सिंगापुरातून परत आला. तिकडं साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होता. त्याच्याकडं जपान्यांनी मलायात छापलेल्या नोटा होत्या, दहा डॉलरच्या. एक धोतरजोडी देऊन गुंडेरावांनी त्यातल्या दोन घेतल्या. राजाचं तोंड नाही, काही नाही. एका बाजूला केळीचं झाड, लटकलेल्या घडासकट. मागं समुद्र आणि गलबत. दोन्ही दिसायला सारख्या. पण एकीवर नुसती दोन लाल अक्षरं होती, दुसरीवर अक्षरांपुढं आकडेही होते. जपान्यांनी सुरुवातीला आकडे घातले, पुढं छापता छापता तेही सोडून दिले. हैदराबादेतल्या एका नोटा जमवणाऱ्यानं पत्रात लिहिलं होतं, आकड्याची मिळाली तर जिवापलीकडं जपा.

तीच नोट हरवली. आणि तीच मल्लप्पानं चोरली असं गुंडेराव दीड वर्ष मानत होते.

त्यांनी हात धुतला. "काय काम काढलंस?"

मल्लप्पानं टोपलं ओसरीवर ठेवलं. "हे वैनीनं केल्यालं टोपलं. आमच्या लेकीच्या, चंद्रम्माच्या डोहाळ्याला दिल्यालं. बुडात बघ."

टोपलं गुंडेरावांनी ओळखलं. दर उन्हाळ्याच्या तोंडावर सत्यभामाबाई घरातली रद्दी भिजत घालायच्या, त्यात मेथ्या टाकून उखळात कुटायच्या, आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापून टोपली करायच्या. नाक्यावरच्या किती जुन्या पावत्या त्या उखळात गेल्या होत्या. टोपलं वाळलं की आत बुडाला एखादं रंगीत चित्र चिकटवायच्या, काडेपेटीवरचं नाहीतर कापडाच्या गठ्ठ्यावरचं. धान्य संपलं तरी टोपल्याचं बूड उघडं दिसू नये, असं त्या म्हणायच्या.

गुंडेरावांनी वाकून बघितलं. बुडात केळीचं झाड होतं. घडासकट. मेथीच्या खळीनं कागद पिवळा पडला होता, एक कोपरा कसरीनं खाल्ला होता. पण लाल अक्षरं दिसत होती आणि अक्षरांपुढं आकडे दिसत होते. ते आकडे गुंडेरावांना पाठ होते. त्यांनी एकदा वाचले. परत वाचले. मग बोट लावून एक एक आकडा वाचला, जसा नाक्यावर पावतीचा नंबर वाचायचे तसा.

"हे कुठं मिळालं तुला?"

"सांगितलं की. डोहाळ्याला दिल्यालं. माझ्याच घरात होतं."

"तुझ्या घरात?"

"व्हय. माझ्या उंबऱ्याच्या आत."

गुंडेराव खांबाला टेकून खाली बसले. मल्लप्पा उभाच राहिला.

त्या उंबऱ्याच्या शब्दासाठीच सगळं झालं होतं. दीड वर्षामागं, होळीच्या आदल्या आठवड्यात, गुंडेरावांनी दोन्ही नोटा वहीतून काढून खिडकीच्या फळीवर दगडाखाली दाबून ठेवल्या होत्या. चुण्या पडल्या होत्या म्हणून. सकाळी मल्लप्पा आला. त्यानं एक नोट उचलली आणि हसत सुटला. "गुंड्या, ही नोट माझ्या रानात लावतो. पाणी घातलं तर पाडव्यापर्यंत घड येतोय बघ." आणि नोट कुडत्याच्या खिशात घातली. मग गुंडेरावांचं तोंड बघून काढून परत ठेवली. दुसऱ्या दिवशी फळीवर एकच नोट होती, बिनआकड्याची.

गुंडेराव तडक मल्लप्पाच्या घरी गेले नाहीत. ते महादेवाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर गेले. बाजारचा दिवस होता, माणसं बसलेली होती, गावातले जाणते बसवंतप्पा बसलेले होते. तिथं त्यांनी मल्लप्पाला बोलावून घेतलं आणि चाळीस वर्षांच्या दोस्ताला सगळ्यांपुढं चोर म्हटलं. मल्लप्पा आधी हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की ही चेष्टा नाही.

"लिंग हातात घेऊन सांग," गुंडेराव म्हणाले होते.

लिंगायताला असं कुणी सांगत नाही. मल्लप्पानं गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "तो कागद माझ्या उंबऱ्याच्या आत असंल तर हे लिंग माझ्या गळ्यात ऱ्हायचं न्हाई."

पंधरा दिवसांनी गावानं बघितलं, मल्लप्पाच्या गळ्यात करडगी नव्हती. मठात नेऊन ठेवली होती. शपथ फिरली, एवढंच त्यानं मठाच्या स्वामींना, अय्यांना, सांगितलं होतं, दुसरं काही नाही. गावानं समजायचं ते समजून घेतलं. त्याच्या पंगतीला माणसं येईनाशी झाली. गुळाचं गिऱ्हाईक हुमनाबादेच्या पेठेत जायला लागलं. आणि गुंडेराव? ते घरी येऊन सत्यभामाबाईंना म्हणाले होते, "बघितलंस? देवच बोलला." सत्यभामाबाई चुलीपुढं होत्या. त्या काही बोलल्या नव्हत्या.

आता ओसरीवर खांबाला टेकून ते म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"शपथेच्या चवथ्या दिवशी."

"चवथ्या दिवशी? आणि दीड वर्ष तोंड शिवून बसलास? कामून? मला येऊन सांगायचं न्हाई?"

"मला न्हाई कळलं. मला सांगितलं." मल्लप्पा पहिल्यांदा खाली बसला. "वैनी आल्या होत्या. टोपल्यातली तूर वतली आणि बूड दाखवलं."

गुंडेराव त्याच्याकडं बघत राहिले. त्यांना शब्द ऐकू आले, पण एकाला एक लागेनात.

"तिला ठावं होतं?"

"तिनंच चिकटवल्यालं, ठावं नसंल कसं?"

"पण मग ती..." गुंडेराव उठले आणि परत बसले. "ती तर हितंच होती रे. माझ्या ताटात वाढत होती. मी तुला रोज शिव्या देत होतो, ती ऐकत होती."

"व्हय."

"खोटं बोलायलास तू. मेलेल्या माणसावर घालायलास."

मल्लप्पा चिडला नाही. "सिद्धव्वाला इचार. मी ह्यासाठी आलो न्हाई. माझं काम ऐक." त्यानं धोतराचा सोगा नीट केला. "वैनी हायत तवर बोलायचं न्हाई, असा शब्द दिला होता मी. आता त्या न्हाईत. औंदा मला बासष्टावं लागलं. परवा छातीत कळ आली. आमच्यात माणूस मेला की बसवून पुरतात, आणि डाव्या हातात त्याचं लिंग देतात. माझ्या हातात काय देतील? ढेकूळ?"

गुंडेरावांनी टोपल्याकडं बघितलं.

"अय्यांना इचारलं. ते म्हणाले, ज्यानं शपथ घ्यायला लावली त्यानंच त्याच कट्ट्यावर, त्याच माणसांपुढं ती सोडवावी. मग लिंग गळ्यात घालतो. तर उद्या सोमवार हाय. बाजार हाय. तू ये आणि नोट सापडली म्हण. मल्लप्पाकडं नव्हती म्हण. बास."

"आणि कुठं सापडली म्हणू?"

"काय बी म्हण. वहीत सापडली म्हण. उंदरानं नेली म्हण. पर वैनीचं नाव घ्यायचं न्हाई. मी दिल्याला शब्द तू मोडायचा न्हाईस."

टोपलं तिथंच ठेवून तो गेला. गुंडेरावांनी टोपल्याला हात लावला नाही. त्यांनी पाय चपलेत घातले आणि मल्लप्पाच्या मागोमाग, पण दहा हात अंतर ठेवून, त्याच्या घराकडं निघाले. रस्त्यात दोन माणसं थांबून बघायला लागली. तिकडं सोलापुरात स्वातंत्र्याचे झेंडे लागले होते, इकडं निजामाचं राज्य तसंच होतं आणि लोक कुठल्याही दोन माणसांकडं जरा जास्तच बघायचे.

सिद्धव्वा पडवीत सूप घेऊन बसली होती. गुंडेरावांना दारात बघून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"या अण्णा," ती म्हणाली. दीड वर्षानंतरही तिनं अण्णाच म्हटलं.

"सिद्धव्वा, खरं सांग. ती आली होती?"

"आल्या होत्या."

"काय म्हणाली?"

सिद्धव्वानं नवऱ्याकडं बघितलं. मल्लप्पा आत निघून गेला. मग ती सूप खाली ठेवून बोलायला लागली. तिला कुणी इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं.

"म्हणाल्या, अक्का, मी चोरली न्हाई. मी इचारून घेतली. फळीवर दोन कागद होते, दोन्हीवर केळ. चंद्रम्माचे डोहाळे, टोपल्यात केळीचं चित्र चांगलं. मी त्यांला इचारलं, ही दोन्ही सारखीच का. ते वहीत बघत होते. हं म्हणाले. मी म्हटलं, ह्याला बाजारात काही येतंय का. म्हणाले, कवडी बी येत न्हाई. म्हणून एक घेतली आणि त्याच सांजंला टोपलं हितं दिलं."

गुंडेरावांना ते आठवलं. आठवलं असं नाही. त्यांना एवढंच आठवलं की त्या दुपारी मागून काहीतरी आवाज येत होता आणि ते हं म्हणत होते. ते रोजच हं म्हणत होते.

"मग मला सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी ओरडलो तेव्हाच सांगायचं होतं."

"सांगायला लागल्या होत्या. तुमी म्हणालात, तू गप बस, तुला ह्यातलं काय कळतंय. आणि निघून गेलात कट्ट्यावर."

"नंतर सांगायचं! रात्री सांगायचं! मी काय मारलं असतं तिला? उभ्या जल्मात मी तिच्यावर हात उचलला न्हाई. गावाला इचार."

"त्या बी तेच म्हणाल्या." सिद्धव्वा जमिनीकडं बघून बोलत होती. "म्हणाल्या, ते मारत न्हाईत गं अक्का. ते बोलणं टाकतात."

सिद्धव्वानं सूप आणखी लांब सरकवलं.

"एकदा वहीवर वला गलास ठिवला म्हणून चाळीस दिस बोलला न्हाईत तुमी. त्यांनी मोजल्याले. ताट सरकवायचा, पाणी पाहिजे तर भांडं वाजवायचा. म्हणाल्या, मार परवडला असता, चाळीस दिस त्या घरात मी हाय का न्हाई तेच मला कळंना. आता तर ही नोट. आता किती दिस? तीनदा घरातनं ठरवून निघाल्या, आज सांगते म्हणून. तीनदा हितंच येऊन बसल्या. मग हे म्हणाले, ऱ्हाऊ द्या वैनी. शपथ तर फिरलीच. एकाचं गेलंय, दुसऱ्याचं कशाला."

गुंडेराव पडवीच्या पायरीवर बसले. त्यांना ओला पेला आठवत होता. चाळीस दिवस त्यांना आठवत नव्हते. चार-पाच दिवस असतील, असं त्यांना वाटत होतं.

"अण्णा, एक सांगू का?" सिद्धव्वा म्हणाली. "आता सांगितलं न सांगितलं सारखंच हाय, पर सांगते. पोटाचं बी त्यांनी सांगितलं न्हाई तुमाला."

"पोटाचं काय? आठ दिवस दुखलं तिचं. मी बिदरला न्यायची गाडी सांगितली होती. त्याच पहाटे गेली."

"आठ दिस न्हाई. पोळ्यापासनं. वरीस होत आलं होतं. माझ्याकडं ओवा मागायला यायच्या, मागच्या दारानं. गोळा लागायचा हाताला. मी म्हटलं, अण्णांला सांगा, दवाखान्यात न्हेतील. म्हणाल्या, सांगायला गेले आणि त्यांनी दुसरंच काही इचारलं तर? मला पाप लपवता येत न्हाई अक्का, तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडंल."

गुंडेरावांना कसं घरी आलो ते कळलं नाही. ओसरीवर टोपलं होतं तिथंच होतं. कुत्रं येऊन उरलेली भाकरी खाऊन गेलं होतं. ते उभे राहिले. घरात बघत राहिले. चूल, मांडणी, दोरीवर तिचं अजून न काढलेलं लुगडं. बेचाळीस वर्षं ह्या घरात ते एका माणसाबरोबर राहत होते आणि ते माणूस त्यांना भीत होतं. गावात त्यांना कुणी भीत नव्हतं. नाक्यावर गाडीवाले त्यांची टिंगल करायचे. एक तीच भीत होती, आणि ते त्यांना आज कळत होतं, परक्या बाईच्या तोंडून.

सोमवारी सकाळी कट्ट्यावर बाजारची माणसं जमली होती. मठाचे अय्या आले होते, त्यांच्या हातात भगव्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते काय आहे हे सगळ्यांना कळत होतं. मल्लप्पा खाली, पायरीशी उभा होता. बायका देवळाच्या भिंतीशी होत्या, त्यांत सिद्धव्वा होती. बसवंतप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते. त्यांना आता कमी दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं.

"कोण, गुंडेराव का?" बसवंतप्पा म्हणाले. "बोला. ह्या गरिबाचं दीड वर्ष खाल्लंत म्हणे तुमी."

कुणीतरी हसलं.

गुंडेराव कट्ट्यावर चढले. "माझी नोट सापडली," ते म्हणाले. "मल्लप्पानं चोरली नव्हती. मी खोटा आळ घेतला. त्याची शपथ मी सोडवतो. त्याचं लिंग त्याला द्या."

माणसांत कुजबूज झाली. मल्लप्पानं मान खाली घातली. अय्यांनी फडकं सोडायला घेतलं, तेवढ्यात बसवंतप्पांनी हात वर केला.

"थांबा अय्या. कुठं सापडली?"

"घरात."

"कुणाच्या घरात?"

"माझ्या. वहीतच होती. दुसऱ्या पानाला चिकटल्याली."

"मग मल्लप्पाची शपथ फिरली कशी?" बसवंतप्पा म्हणाले. "तो म्हणाला, उंबऱ्याच्या आत असंल तर. तुमी म्हणता, नव्हती. मग लिंग मठात कामून ठिवलं यानं? कुणीतरी एक खोटं बोलायलंय. अय्यांनी लिंग द्यायचं आणि उद्या गावानं म्हणायचं, जुना दोस्त, दया आली, म्हणून सोडवलं. तसलं लिंग गळ्यात घालून हा काय करंल?"

"खरं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "गुंडेरावला बी शपथ घाला. त्यानं घातली तशी."

"घाला, घाला."

देवळाच्या पुजाऱ्यानं पिंडीवरचा बेल आणून गुंडेरावांपुढं धरला. मल्लप्पा पायरीवरून त्यांच्याकडं बघत होता. त्याची मान अगदी थोडी हलली. घे, असं तो सांगत होता. घे शपथ, खोटी घे, आणि संपव.

गुंडेरावांनी बेल हातात घेतला. वहीत सापडली, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. त्यांनी बायकांकडं बघितलं. तिथं एक जागा रिकामी होती असं काही नव्हतं, भिंत होती. पण त्यांना वाटलं, इतकी वर्षं हेच झालं. कुणीतरी गप्प बसलं आणि मी सुखानं जेवलो.

"वहीत न्हाई सापडली," ते म्हणाले.

"गुंड्या!" मल्लप्पा ओरडला.

"मल्लप्पाच्या घरात सापडली. उंबऱ्याच्या आतच होती. त्याला ठावं नव्हतं. माझ्या बायकोनं टोपल्याला चिकटवली आणि ते टोपलं त्याच्या लेकीच्या डोहाळ्याला दिलं. तिनं मला इचारून घेतली होती. मी हं म्हणालो होतो. माझं ध्यान नव्हतं."

बाजारातल्या एका बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती तेवढीच.

"मग तुमच्या बायकोनं सांगितलं कामून न्हाई?" बसवंतप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"मला भिऊन," गुंडेराव म्हणाले. "तिला लाज लावू नका. ती मला भीत होती. पोटात गोळा झाला तो बी तिनं मला भिऊन सांगितला न्हाई. मी तिला मारलं न्हाई कधी. मी तिच्याशी बोलत नव्हतो. हे सगळं मला काल कळलं." त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण ते काय, हे त्यांना सापडेना. बेलाचं पान हातात चुरगळलं होतं. "एवढंच. आता त्याचं त्याला द्या."

बायकांतून सिद्धव्वाच्या हुंदक्याचा आवाज आला. मग तिच्या शेजारच्या नागम्माचा. बसवंतप्पांनी स्वतःच्या गळ्यातल्या करडगीवर हात ठेवला होता.

"न ठावं असताना बोललेला शब्द खोटा होत न्हाई," शेवटी अय्या म्हणाले. "मल्लप्पा, वर ये. डावा हात पुढं कर."

मल्लप्पा वर आला. अय्यांनी त्याच्या हाताखाली आपला हात धरला आणि मग लिंग तळहातावर ठेवलं. मल्लप्पानं मूठ मिटली नाही. तो नुसता बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं, ते त्यानं पुसलं नाही. हात मोकळाच नव्हता. अय्यांनी पाणी मागवलं, विभूती लावली, करडगी गळ्यात बांधली. बसवंतप्पा काठी टेकत उठले आणि त्यांनी मल्लप्पाच्या पाठीवर हात ठेवला. मग एक एक माणूस वर येऊन मल्लप्पाला भेटायला लागला.

गुंडेराव बाजूला सरकले. कुणी त्यांना काही म्हणालं नाही, शिवीही दिली नाही. गर्दी कमी झाल्यावर मल्लप्पा त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला.

"नाव घेऊ नको म्हटलं होतं तुला."

"व्हय."

"मी माझं सगळं घालवून ते झाकलं होतं. आणि तू बाजारात उघडं केलंस."

"व्हय."

मल्लप्पा दात खाऊन त्यांच्याकडं बघत होता. त्याला राग आला होता, आणि तो राग खरा होता. एक हात छातीवरच्या करडगीवर होता, तिथून तो हलत नव्हता.

"घरी येऊ का उद्या?" गुंडेरावांनी विचारलं. "तिनं आणखी काय काय सांगितलं ते सिद्धव्वाला इचारायचं हाय."

"उद्या नको."

"मग?"

"मला काय ठावं. ती अजून रडायलीय. आज मला पूजा करायची हाय, दीड वर्षाची उपाशी पूजा. तू जा आता."

मल्लप्पा पायऱ्या उतरला. सिद्धव्वा त्याच्या मागून निघाली. वळणावर ती थांबली, तिनं गुंडेरावांकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून नवऱ्याच्या मागं गेली.

गुंडेरावांनी कट्ट्यावरून खाली पाय टाकला. मग ते तिथंच पायरीवर बसले. खाली बाजार चालू झाला होता. एक बाई दुसरीला विचारत होती, कोणती गं सत्यभामाबाई, आणि दुसरी सांगत होती, ती, टोपली करणारी, बोलायला लई चांगली होती.

गुंडेराव ते ऐकत बसले. बोलायला चांगली होती, हे त्यांना माहीत नव्हतं.